चार वाजेपर्यंत न उघडायचा चहा

गणपती उठल्यानंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता, विश्रांतवाडीतल्या एका सोसायटीत उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत एकूण बावीस वस्तू होत्या. पोळी-भाजीचे डबे चार. पाण्याच्या बाटल्या पाच. कोरड्या कपड्यांच्या पिशव्या तीन. सतरंजी एक. जळवांसाठी मिठाची पुडी एक. माणसे पाच असूनही छत्र्या सहा. आणि थर्मास दोन.

मित्रांनो, त्या दोघांपैकी जो लाल, अंगावर पांढरी फुले असलेला आणि डाव्या बाजूला पोचा आलेला, तो मी. मी एक जुना थर्मास आहे. दुसरा नवा होता आणि देखणा होता. त्याच्याविषयी पुढे सांगेनच, कारण त्याच्याविषयी सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही. याचे मला वाईट वाटते, पण आहे ते आहे.

आधी माझी रचना सांगतो. बाहेर पत्र्याचे अंग आणि आत काचेची बाटली. ही बाटली म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन बाटल्या. दोन्हींच्या मधली हवा कारखान्यात यंत्राने ओढून काढतात आणि बुडाशी काच वितळवून भोक कायमचे बंद करतात. काचेवर आतून चांदीचा मुलामा देतात. उष्णतेला एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला बहुतेक वेळा मधे काहीतरी पदार्थ लागतो, निदान हवा तरी. मधे काहीच नसले की तिची पंचाईत होते. ती उजेडासारखी सरळ निघू पाहते, तर मुलामा तिला परत पाठवतो. मग उरते फक्त तोंडाची वाट आणि तिथे बूच असते. थोडक्यात, माझ्या दोन भिंतींच्या मधे काहीही नाही, आणि त्या काहीही नसण्यावरच माझी नोकरी चालते.

बोहरी आळीत दादामियाँचे भांड्यांचे दुकान होते. तिथल्या काचेच्या कपाटात मी तीन महिने उभा होतो. एके दिवशी पाटबंधारे खात्यातले एक तरुण कारकून दुकानात आले. त्यांचे नाव गोपाळकृष्ण. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले.

"टिकेल ना हा?"

"काचेचा आहे साहेब," दादामियाँ म्हणाले. "आपटलात तर नाही टिकणार. नाही आपटलात तर तुम्हीच आधी कंटाळाल."

मग दादामियाँनी माझे बूच काढले आणि मला गोपाळकृष्णांच्या कानाला लावले. थर्मास चांगला असेल तर आत घूं असा बारीक आवाज येतो. गोपाळकृष्णांनी माझा आवाज ऐकला. मग कपाटातल्या आणखी चार थर्मासांचा ऐकला. मग पुन्हा माझा. मागे गिऱ्हाइके खोळंबली होती. "साहेब," दादामियाँ शेवटी म्हणाले, "गाणं सगळ्यांचं एकच आहे." तेव्हा त्यांनी मला घेतले.

त्यानंतर मी पुष्कळ काम केले. सलिलच्या जन्माच्या वेळी मी इस्पितळात गरम पाणी घेऊन उभा होतो. सलिल म्हणजे गोपाळकृष्ण आणि मंदाकिनी यांचा एकुलता एक मुलगा. तो दहावीला बसला तेव्हा त्याचे वडील रोज शाळेच्या कुंपणाबाहेर मला मांडीवर घेऊन बसत. शेजारचे पालक आशेने माझ्याकडे पाहत. गोपाळकृष्ण त्यांना चहा देत, पण आधी त्यांच्या मुलाला गणितात किती मिळतात ते विचारून घेत. सलिलपेक्षा जास्त मिळत असतील तर अर्धाच पेला देत. "थर्मास असावा तर असा," असे लोक म्हणत. मी ते ऐकत असे.

एकदा मात्र मी फुटलो. सलिल तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याने उकळते पाणी ओतून दिले आणि लगेच फ्रिजमधले पाणी भरले. काचेला एवढी घाई सोसत नाही. आतली बाटली तडकली. दादामियाँनी नवी बाटली बसवून दिली. माझे आतले सगळे बदलले आणि बाहेरचे तेवढे राहिले. मग तो मी मीच होतो की दुसरा कोणी, यावर मी बरेच दिवस विचार केला. चहा तसाच गरम राहतो असे दिसल्यावर विचार सोडून दिला.

पुढे दिवस पालटले. गोपाळकृष्ण निवृत्त झाले, आजोबा झाले. मी आधी फ्रिजच्या डोक्यावर गेलो. तिथे माझ्या पेल्यात रबरबँड ठेवत. नंतर पेन ठेवू लागले. त्यातले एकही चालत नव्हते. मग माळ्यावर मिक्सरच्या खोक्यात गेलो. फक्त वर्षातून दोनदा आजोबा स्टुलावर चढत, मला खाली काढत, धुऊन उन्हात वाळवत, कान लावून आवाज ऐकत आणि परत ठेवत. याला मंदाकिनीआजी 'पितृपक्ष' म्हणत.

गेल्या दिवाळीची गोष्ट. सलिलच्या कंपनीने सगळ्यांना एकेक थर्मास भेट दिला. काळा, पोलादी, सडपातळ. त्याच्या झाकणावर बोट टेकवले की आतल्या चहाचे तापमान किती, तो आकडा उजळतो.

आजोबांनी बोट टेकवून पाहिले. "म्हणजे परीक्षेला बसलेलाच पेपर तपासणार," ते म्हणाले.

त्यांची सून राजनंदिनी औषधांच्या कंपनीत माल तपासण्याच्या विभागात काम करते. ती कोणाचे वाईट चिंतत नाही. पण ओट्यावरच्या खणात किती वस्तू मावतात हे तिला माहीत आहे. सहलीच्या आदल्या आठवड्यात तिने माळा आवरला आणि मला हातात घेऊन आजोबांपुढे उभी राहिली.

"बाबा, खणात जागा एकाचीच आहे. आणि हा काचेचा. उद्या ओवीच्या हातून फुटला तर?"

ओवी म्हणजे सलिल-राजनंदिनीची मुलगी. पाचवीत आहे.

"ओवीच्या बापाच्या हातून फुटला होता," आजोबा म्हणाले. "ओवीचा बाप धडधाकट आहे."

"मी टाकून देत नाहीये हो. बाल्कनीत ठेवू. मनीप्लांट छान दिसेल त्यात."

आजोबा काही बोलले नाहीत. पाटबंधारे खात्यातला माणूस इतका गप्प बसतो तेव्हा धरण काठोकाठ भरलेले असते. मी तर हबकलोच. मित्रांनो, मला भंगाराची भीती वाटत नाही. भंगारात पत्रा वितळतो, काच वितळते, पुढे काहीतरी होते. पण गळ्यापर्यंत गार पाणी घेऊन, तोंडातून वेल लोंबत, बाल्कनीतून आयुष्यभर समोरच्या इमारतीची वाळणारी धुणी पाहत राहायचे, हे एका थर्मासाने कसे सोसावे?

"मग मोजा," आजोबा म्हणाले. "सकाळी सातला चहा भरा, दुपारी चारला उघडा. साठ अंशांच्या खाली गेला असेल तर लाव तुझा मनीप्लांट. साठाच्या खालच्या चहाला मी चहा म्हणतच नाही, काढा म्हणतो. आणि साठ किंवा वर निघाला तर खण त्याचा."

राजनंदिनीचे डोळे चमकले. मोजायचे म्हटले की तिला राग धरता येत नाही. तिने लगेच नियम घातले. दोन्ही थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळायचे. एकाच पातेल्यातला चहा दोघांत काठापर्यंत भरायचा. मोजायला तिचा केकचा थर्मामीटर. आणि चारच्या आत जो कोणी थर्मास उघडेल, तो ज्या थर्मासाच्या बाजूने असेल तो बाद.

"रविवारी तर आपण धबधब्याला जातोय," सलिल म्हणाला.

"उत्तम. गार वाऱ्यात परीक्षा होऊ दे," आजोबा म्हणाले.

धबधबा सलिलने मोबाइलवर शोधून काढला होता. पानशेतच्या पुढे, डोंगराच्या कुशीत, कोंडजाईचा धबधबा. तिथे कोणीही जात नाही, असे तो कौतुकाने सांगत होता.

"कोणी जात नाही त्याला काहीतरी कारण असेल," मंदाकिनीआजी म्हणाल्या. "पाणी वरून खाली पडणार. ते बघायला एवढ्या लांब?" त्या पाण्याजवळ फिरकणार नव्हत्या, म्हणून त्यांनी स्वतःसाठी कोरडे कपडेही घेतले नाहीत. ओवीचे मात्र तीन पिशव्या भरून घेतले.

तर अशा रीतीने आम्ही निघालो. गाव ओलांडण्यातच तास गेला. खडकवासल्याला आजोबांनी गाडी थांबवायला लावली. धरणातून पाणी किती सोडले आहे, हे पाहिल्याशिवाय ते त्या रस्त्याने पुढे जात नाहीत. सगळे कठड्याशी गेले. आजोबा दोन मिनिटांत परत आले. "छत्री घेतो," म्हणाले. आकाश निरभ्र होते.

डिकी उघडली. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी बूच फिरवून काढले. वाफ वर आली.

"आहेस ना रे?" ते हळूच म्हणाले.

मी होतोच. पण मित्रांनो, ती वाफ म्हणजे नुसता धूर नव्हे. पाण्याची वाफ व्हायला फार उष्णता लागते, आणि ती वाफ बाहेर पडली की ती उष्णताही तिच्याबरोबर जाते. आजोबांनी बूच लावले तेव्हा मी थोडासा गार झालो होतो. वाईट वाटायचे कारण नव्हते. एकदा उघडल्याने काही होत नाही.

पानशेतला भज्यांसाठी थांबलो. तिथे सलिलला छत्री हवी झाली. त्याच्या हातात टपरीवरच्या उकळत्या चहाचा काचेचा ग्लास होता. त्याने इकडे तिकडे पाहिले, मला उघडले, वाफ पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. वाफ कमी आहे असे त्याला वाटले असावे. त्याने ग्लास माझ्या तोंडाशी आणला. मी श्वास रोखून धरला. वडिलांचा थर्मास हरू नये म्हणून मुलगा परीक्षेत चिठ्ठी पुरवायला निघाला होता! पण मग त्याने हात मागे घेतला, ग्लास स्वतःच एका घोटात संपवला, जीभ भाजून घेतली आणि डोळ्यांत पाणी आणून परत गेला.

"भजी तिखट होती का रे?" आजींनी विचारले.

"हो," सलिल म्हणाला.

त्यानंतर राजनंदिनी आली. छत्रीसाठीच. ती नियम करणारी, म्हणून मी निर्धास्त होतो. तिने मला उघडले, वाफेवर हात धरला आणि स्वतःशी पुटपुटली, "फारच गार वाटलं तर तीनलाच मोजू. चढाने दमलोय म्हणू." मग बूच इतके घट्ट लावले की मला कळ आली.

ओवीला तर छत्रीचे निमित्तही लागले नाही. गाडी कुठेही थांबो, ती येऊन मला उघडत होती, नाक लावत होती आणि "अजून आहे," असे सांगून जात होती. कोणाला सांगत होती कोण जाणे. मलाच बहुधा. आजोबा पुन्हा आले. परत आले. एकदा तर गाडी थांबण्याच्या आधीच दार उघडून उतरले.

नवा थर्मास कोणी उघडला नाही. त्याच्या झाकणावर बोट टेकवले की झाले. त्याला कोणी घाबरून उघडत नव्हते, कारण त्याची कोणाला काळजीच नव्हती. मला मात्र सगळे आजोबांच्या काळजीने उघडत होते, आणि प्रत्येकाच्या काळजीबरोबर माझा थोडा थोडा चहा निवत होता. सगळ्यात जास्त वेळा उघडणारे होते स्वतः आजोबा. माझ्याजवळ थर्मामीटर नाही, पण उष्णता जाताना मला कळते. साठ आता फार दूर नाही, हे मला कळत होते. मला तोंड आहे, पण बोलायला ते उपयोगी पडत नाही.

दुपारी रस्ता संपला. तिथे चार घरांची वाडी होती. पावसाची सर आली म्हणून आम्ही पहिल्याच घराच्या पडवीत शिरलो. घर पोपट आणि द्वारका या नवरा-बायकोचे. धबधब्याची वाट पोपट दाखवणार, असे ठरले. छत्र्या असूनही सगळे थोडेफार भिजून काकडले होते. चहाशिवाय कोणाला दुसरे काही सुचत नव्हते. पण चारला अजून बराच वेळ होता.

"पाच चहा मिळतील का हो?" सलिलने विचारले.

द्वारकाने आमच्या पिशवीकडे पाहिले. "ह्या दोन थरमासांत काय हाय मग?"

"चहा," राजनंदिनी म्हणाली.

"मग त्यो पिवा की."

"तो चारला प्यायचा आहे."

द्वारका नवऱ्याकडे बघू लागली. पोपटने डोक्यावरची टोपी सारखी केली. "मुहूर्त हाय व्हय?" त्याने आदराने विचारले.

"प्रयोग आहे," आजोबा म्हणाले.

पोपटने मान डोलावली आणि बायकोला म्हणाला, "पुण्याची मानसं हायेत. दे करून."

"दूध न्हाय आज. कोरा चालंल?"

चौघांना चालला. ओवीनेही गूळ घालून घेतला. आजींना कोरा चहा चालत नाही. त्या पडवीत बसून आमच्याकडे, म्हणजे दूध घातलेल्या दोन लिटर गरम चहाकडे बघत राहिल्या. "लग्न करताना सांगितलं असतं, प्रयोगशाळा आहे म्हणून," एवढेच त्या बोलल्या.

सर थांबल्यावर आम्ही चढू लागलो. पोपट पुढे. आम्ही दोघे सलिलच्या पाठीवरच्या पिशवीत. नवा माझ्या अंगाला लागून होता. गुळगुळीत आणि गार. बाहेरून गार असणे ही थर्मासाला शोभणारीच गोष्ट आहे, हे मी मान्य करतो.

धबधबा मात्र खरोखर देखणा होता. काळ्या कड्यावरून पाणी तीन टप्प्यांनी खाली येत होते आणि खाली येईपर्यंत त्याचे निम्मे नुसते तुषार होत होते. सगळे माना वर करून बघत राहिले. मग आजोबा म्हणाले, "तीस-पस्तीस क्युसेक असेल."

"कोणी सोडलंय?" आजींनी विचारले.

आजी ओढ्यापासून दूर एका सपाट खडकावर बसल्या. सलिलने परीक्षेची तयारी म्हणून आम्हा दोघांना त्याच खडकावर मांडले, शेजारी थर्मामीटर ठेवला आणि फोटो काढण्यासाठी मागे सरकला. मला कडी आहे. मी जिथे ठेवला तिथे राहतो. नव्याला कडी नाही, कोपरा नाही, काही नाही. खडकाला उतार होता. वाऱ्याचा झोत आला. नवा आडवा झाला आणि ओढ्याच्या दिशेने घरंगळू लागला.

त्याच्या सगळ्यात जवळ आजी होत्या. सीमेकडे निघालेला चेंडू अडवावा तशा एकाहत्तर वर्षांच्या मंदाकिनीआजी त्याच्यामागे झेपावल्या. काठावर शेवाळ होते. पुढच्या क्षणी त्या कमरेएवढ्या पाण्यात बसल्या होत्या आणि नवा थर्मास त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता.

"धरलाय!" त्या ओरडल्या.

पोपट आणि सलिल यांनी त्यांना वर काढले. लागले कुठे नव्हते. पण साडी पदरापर्यंत भिजली होती, केसांतून पाणी निथळत होते आणि कड्यावरून येणारा वारा थांबायला तयार नव्हता. ओवीचे कपडे आजींना होणार कसे? सतरंजी गुंडाळली, सलिलने आपला स्वेटर काढून त्यांच्या अंगात घातला. तरी त्यांचे दात एकमेकांवर आपटत होते. बघता बघता ओठांचा रंग बदलला. सतत बोलणाऱ्या आजी बोलेनाशा झाल्या, तेव्हा मात्र सगळे घाबरले.

"च... चहा," त्या म्हणाल्या.

सलिलने नवा उचलला. आजींनी जीव धोक्यात घालून वाचवलेला तो, आता त्याची वेळ होती. झाकणावर आकडा उजळला, सत्तर. सलिलने झाकण फिरवले. ते हलले नाही. त्याने गुडघ्यांत धरून फिरवले. राजनंदिनीने खालून धरले, सलिलने वरून पिळले. पोपटने गळ्यातला रुमाल गुंडाळून जोर लावला आणि लाल झाला.

"आतनं कोनीतरी धरून बसलंय," तो म्हणाला.

मित्रांनो, आत कोणी नव्हते. सकाळी कडकडीत चहा भरून झाकण लावले, तेव्हा झाकणाखाली थोडी हवा आणि वाफ अडकली होती. दिवसभरात ती निवली आणि आकसली. आत दाब कमी झाला, बाहेरची हवा झाकणावर बसली. त्याला सकाळपासून एकदाही न उघडल्यामुळे तो आता उघडत नव्हता. आकडा मात्र दाखवत होता. सत्तर. सत्तर. सत्तर.

मग सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. आणि माझ्याकडून राजनंदिनीच्या घड्याळाकडे. चारला बारा मिनिटे कमी होती.

राजनंदिनीने तोंड उघडले होते. ती काय म्हणणार होती ते कळले नाही, कारण तोपर्यंत आजोबांनी माझे बूच काढलेसुद्धा होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही. बूच पहिल्या पिळाला सुटले. तितक्या वेळा उघडल्यावर न सुटून सांगते कोणाला? त्यांनी पेला भरला आणि आजींच्या दोन्ही हातांत देऊन वरून आपले हात धरले.

"बाबा, नियम..." सलिल म्हणाला.

"बाद तर बाद," आजोबा त्याच्याकडे न बघता म्हणाले. "लागू दे मनीप्लांट. तोही जिवंतच असतो."

आजींनी पहिला पेला न बोलता संपवला. दुसरा निम्मा झाला तेव्हा दातांचा आवाज थांबला. तिसरा त्यांनी नको म्हटला. मग त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि म्हणाल्या, "साखर कमी आहे."

तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. सलिल मटकन खाली बसला. ओवी आजीला सतरंजीसकट मिठी मारून बसली. पोपट नव्या थर्मासाशी पुन्हा झटू लागला. त्याचा आता मानाचा प्रश्न झाला होता.

आजोबांनी मला बूच लावले आणि राजनंदिनीच्या पुढे ठेवले. "घे. हरलो. चारच्या आत उघडला."

राजनंदिनीने बूच आणखी घट्ट केले. मग म्हणाली, "बाबा, पानशेतला मी उघडला होता."

"तू?"

"फार गार वाटला तर परीक्षा लवकर घ्यावी म्हणून."

"मी पण उघडला होता," सलिल म्हणाला. "तिथेच. तुझ्या आधी."

"मी चारदा," ओवी म्हणाली. "पण त्यातलं एकदा फक्त वास घ्यायला."

आजोबा कड्याकडे बघू लागले. "आणि तुम्ही हो?" आजींनी विचारले.

"मी मोजलं नाही."

"म्हणजे मला सोडून सगळ्यांनी!" सतरंजीतून आजींचा आवाज आता पूर्ण परतला होता. "आणि मी मूर्ख, सकाळपासून नियम पाळत बसले! त्या बाईने एवढ्या प्रेमाने कोरा चहा दिला, तोसुद्धा घेतला नाही!"

"बोल्लोच व्हतो," पोपट झाकण पिळत म्हणाला. तो काय बोलला होता, हे कोणी विचारले नाही.

मित्रांनो, त्या वेळी मला बोलता आले असते तर मी तुम्हाला सांगितले असते तेच आत्ता सांगतो. तुमच्या घरात असा जुना थर्मास असेल तर त्याला आपटू नका. उकळते ओतल्यावर लगेच गार भरू नका. महिन्यातून एकदा धुऊन उन्हात ठेवा. आणि एकदा चहा भरून बूच लावले की त्याला त्याचे काम करू द्या. तो आत आहे ना, गरम आहे ना, हे सारखे बघायला जाऊ नका. तुमची काळजी खरी असते हे आम्हाला कळते. पण ती वाफेच्या वाटेने निघून जाते.

राजनंदिनीने घड्याळ पाहिले. "चारच्या आत न उघडण्याचा नियम जवळजवळ सगळ्यांनीच मोडलाय. त्याला सगळ्यात आधी मीच जबाबदार. तो रद्द," ती म्हणाली. "साठाचा आकडा मात्र आपण कोणी मोडलेला नाही. तो तुमचाच होता, बाबा. मोजू?"

आजोबांनी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"मोज. पण जे येईल ते सांग. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस."

"ओवी वाचेल," राजनंदिनी म्हणाली.

वारा लागू नये म्हणून सलिलने दोन्ही तळहात माझ्या तोंडाभोवती धरले. राजनंदिनीने बूच काढले आणि थर्मामीटरचे टोक चहात बुडवले. आकडे भराभर चढले, मग सावकाश चढले. आजींनीही सतरंजीतून मान बाहेर काढली. पोपटने झाकण पिळणे थांबवले. ओवी गुडघ्यांवर बसून, आकडा हलायचा थांबेपर्यंत डोळे न मिटता बघत राहिली आणि मग तिने मोठ्याने वाचले.

वेळ दुपारी चार. उरलेला चहा सुमारे अर्धा लिटर. तापमान एकसष्ट अंश सेल्सिअस.